आयुर्वेद रुग्णालयाचा आराखडा : वारा, पाणी, तेल आणि अग्नी यांचे नियोजन

जालना : आयुर्वेद रुग्णालय उभारायचे म्हणजे सर्वसाधारण रुग्णालयाचा नकाशा घ्यायचा आणि त्यातील दोन-तीन खोल्यांवर 'पंचकर्म' अशी पाटी लावायची, असा समज बांधकाम क्षेत्रात बराच रूढ आहे. प्रत्यक्षात आयुर्वेदाच्या चिकित्सेला लागणारी जागा ही निराळ्या स्वरूपाची असते. येथे रुग्णाच्या अंगाला तेल लावले जाते, त्याला वाफ दिली जाते, वमन-विरेचन घडवले जाते, त्यानंतर ठरावीक क्रमाने पेज आणि भात शिजवून दिला जातो. औषधाचा काढाही रोज ताजा करावा लागतो. या प्रत्येक कृतीला पाणी, उष्णता, एकांत आणि निचरा लागतो. त्यांचा विचार नकाशा काढतानाच झाला नाही, तर पुढे भिंती फोडून नळ फिरवण्याची वेळ येते आणि त्रास रुग्णाला होतो.

मराठवाड्यातील आणि विशेषतः जालन्यासारख्या जिल्ह्यातील परिस्थिती या प्रश्नाला आणखी धार आणते. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके असून २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार आहे. पाऊस बेभरवशाचा, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे, जमीन बहुतांशी काळी. अशा ठिकाणी भरपूर पाणी आणि दमट हवा गृहीत धरून काढलेला केरळ किंवा कोकणातील नकाशा जसाच्या तसा उतरवता येत नाही. आयुर्वेद रुग्णालयाची अंतर्गत रचना कशी असावी, जुने ग्रंथ त्याविषयी काय सांगतात, आजचे नियम काय अपेक्षितात आणि या भागात कोणती काळजी घ्यावी लागते, याचा हा आढावा.

ग्रंथांतील रुग्णालय

रुग्णालयाच्या वास्तूविषयीचे भारतातील अत्यंत जुने आणि नेमके वर्णन चरकसंहितेत आढळते. सूत्रस्थानाच्या १५व्या, म्हणजे उपकल्पनीय अध्यायात वमन-विरेचनापूर्वी कोणती सिद्धता करावी हे सांगताना प्रथम घराचा विचार केला आहे. वास्तुविद्या जाणणाऱ्याने हे घर बांधावे, ते भक्कम असावे, झोताच्या वाऱ्यापासून सुरक्षित असावे. मात्र त्याचा एक भाग हवेशीर असावा, अशी अपेक्षा तेथे आहे. आत सुखाने हिंडता-फिरता यावे, घर डोंगराच्या किंवा उंच वास्तूच्या कुशीत दबलेले नसावे, धूर, ऊन, पाणी आणि धूळ यांचा उपद्रव नसावा, नकोसे आवाज आणि वास तेथे पोहोचू नयेत, असेही सांगितले आहे. पाण्याची सोय, उखळ-मुसळ, शौचस्थान, स्नानाची जागा आणि स्वयंपाकघर ही पाच अंगे त्यात स्पष्टपणे नोंदलेली आहेत.

या वर्णनातील 'निवात' आणि 'एका भागात प्रवात' ही जोडी वास्तुरचनेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तेल लावलेल्या व घाम आलेल्या शरीरावर वाऱ्याचा झोत येऊ नये, ही पहिली गरज. रुग्ण विश्रांती घेतो तेथे हवा खेळती हवी, ही दुसरी. एकाच खोलीत दोन्ही साधत नाहीत. त्यामुळे उपचाराचे दालन आणि विश्रांतीचे दालन वेगळे असणे ही ग्रंथाच्या काळापासूनची मागणी ठरते.

सुश्रुतसंहितेने शस्त्रकर्म झालेल्या रुग्णासाठी स्वतंत्र व्रणितागार सांगितले असून ते स्वच्छ, ऊन व झोताच्या वाऱ्यापासून दूर असावे असे म्हटले आहे. सूतिकागाराचे मापही तेथे मिळते : आठ हात लांब व चार हात रुंद, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण १२ फूट बाय ६ फूट. चरकसंहितेत बालकांसाठीच्या कुमारागाराचे वेगळे वर्णन आहे. रसायन चिकित्सेसाठी सांगितलेली कुटी तर एकात एक अशा तीन दालनांची असून तिचे झरोके लहान असावेत, असा निर्देश आहे. बाहेरचा प्रकाश, आवाज आणि वारा टप्प्याटप्प्याने कमी करत नेणारी ही योजना आहे.

सर्वांत लक्षणीय वर्णन जेंताक स्वेदाच्या घराचे आहे. चरकाने १३ प्रकारचे स्वेद सांगितले, त्यांपैकी जेंताक स्वेदासाठी स्वतंत्र इमारतच लागते. जलाशयाच्या दक्षिणेस किंवा पश्चिमेस, पाण्यापासून काही हातांवर, दार पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे करून, १६ अरत्नी उंचीचे व तितक्याच व्यासाचे गोल, मातीने लिंपलेले घर बांधावे. मध्यभागी पुरुषभर उंचीची, बारीक छिद्रांची मातीची भट्टी असावी आणि भिंतीला लागून दारापर्यंत सलग ओटा असावा, अशी ही रचना आहे. घाम येऊन भोवळ आली तरी या ओट्याचा आधार सोडू नये, कारण ओटा सुटला की दार सापडत नाही आणि प्राणावर बेतते, अशी सूचना वैद्याने रुग्णाला द्यायची असते. ओटा हा येथे बसण्याचे आसन तर आहेच, पण संकटकाळी दारापर्यंत नेणारा मार्गही आहे. आजच्या वाफेच्या खोलीत भिंतीला कठडा असावा, दार बाहेरच्या बाजूस उघडावे आणि आतून कडी नसावी, हे नियम याच विचाराचे आहेत.

औषधनिर्मितीच्या जागेचाही नकाशा मिळतो. 'रसरत्नसमुच्चय' या रसशास्त्राच्या ग्रंथात रसशाळेची दिशावार विभागणी आहे : आग्नेयेस अग्निकर्म, दक्षिणेस दगडी खलाची कामे, नैर्ऋत्येस शस्त्रांची कामे, पश्चिमेस धुणे, वायव्येस वाळवणे आणि ईशान्येस तयार औषधांची साठवण. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी त्यात एक कार्यक्रम दिसतो. आग आणि साठा परस्परांपासून दूर, धुण्याच्या शेजारी वाळवणे, आणि तयार माल कामाच्या धुळीपासून वेगळा. आजच्या औषध कारखान्याचा आराखडाही याच तत्त्वावर आखला जातो.

पुराव्यातील इमारती

ग्रंथांतील वर्णने आदर्श सांगतात. प्रत्यक्ष इमारतींचे अवशेष थोडे आहेत. श्रीलंकेतील मिहिंतले येथे सुमारे नवव्या शतकातील मठाच्या रुग्णालयाचे अवशेष पाहावयास मिळतात. चौकाभोवती रुग्णांच्या लहान खोल्या आणि औषधी द्रवात रुग्णाला निजवण्यासाठी मानवी आकृतीत कोरलेली दगडी द्रोणी, ही त्याची वैशिष्ट्ये. तमिळनाडूतील तिरुमुक्कूडल येथील चोळकालीन शिलालेखात ११व्या शतकातील मंदिराशी संलग्न अशा १५ खाटांच्या रुग्णालयाची, तेथील वैद्य, शल्यकर्मी, परिचारिका आणि औषधसाठ्याची नोंद आहे. चौक, त्याभोवती खोल्या आणि जवळच औषधाची कोठी हा सांगाडा मराठवाड्यातील वाड्यालाही अपरिचित नाही.

महाराष्ट्रात आधुनिक काळात आयुर्वेदाच्या शिक्षणासोबत रुग्णालयेही उभी राहिली. नगरचे गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये आयुर्वेद विद्यालय सुरू केले, पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ मध्ये स्थापन झाले, तर मुंबईत वरळीचे पोदार महाविद्यालय १९४१ मध्ये सुरू झाले. मराठवाड्यात नांदेड आणि धाराशिव येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालये आहेत. गोव्यात पेडणे तालुक्यातील धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या संकुलाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले.

पूर्व आशियातील तुलना

आपल्या परंपरेला समांतर प्रश्न चीन, जपान व कोरिया येथील पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयांसमोरही आहेत. बीजिंगमध्ये १९५५ मध्ये पारंपरिक चिनी वैद्यकाची राष्ट्रीय अकादमी स्थापन झाली आणि तिच्याशी संलग्न मोठी रुग्णालये चालतात. सेऊलमधील क्युंग ही विद्यापीठाचे कोरियन वैद्यक रुग्णालय १९७१ पासून, तर टोकियोतील कितासातो संस्थेचे पौर्वात्य वैद्यक संशोधन केंद्र १९७२ पासून कार्यरत आहे.

तेथील आराखड्यात तीन गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली, औषधालय. शेकडो वनस्पतिद्रव्यांचे लहान खण असलेली भिंतभर फडताळे, वजन करण्याचे लांब ओटे आणि पुड्या बांधण्याची जागा यांमुळे चिनी औषधालयाला सर्वसाधारण औषध दुकानापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. दुसरी, काढा शिजवण्याचे दालन. रुग्णागणिक वेगळा काढा करायचा असल्याने भांडी, वाफ बाहेर नेणारे पंखे आणि भरण्याची जागा यांची सलग मांडणी केली जाते. तिसरी, धुराची व्यवस्था. 'मोक्सा' या वनस्पतीची धुरी देऊन बिंदूंवर शेक देण्याची पद्धत तेथे रूढ आहे. त्या खोल्यांना प्रत्येक खाटेवर धूर ओढून घेणारी नळी किंवा स्वतंत्र वायुवीजन द्यावे लागते, अन्यथा धूर शेजारच्या कक्षात शिरतो. आपल्याकडे धूमपान, धूपन आणि अग्निकर्म यांच्या खोल्यांसाठी हाच धडा लागू पडतो.

फरकही लक्षात घ्यावा लागतो. सुया टोचण्याची चिकित्सा कोरडी असते आणि पडदे लावून एका दालनात अनेक खाटा मांडता येतात. पंचकर्म हे ओले, तेलकट आणि पूर्ण एकांत मागणारे काम आहे. त्यामुळे दर रुग्णामागे लागणारी जागा व पाणी आपल्याकडे अधिक.

नियम काय सांगतात

भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने २०१६ मध्ये आयुर्वेद महाविद्यालये व संलग्न रुग्णालयांसाठी किमान मानकांचे विनियम जारी केले होते. त्यात ६० विद्यार्थ्यांपर्यंतच्या महाविद्यालयास किमान ६० खाटांचे व २,००० चौरस मीटर बांधकामाचे, तर १०० विद्यार्थ्यांसाठी १०० खाटांचे व ३,५०० चौरस मीटरचे रुग्णालय अपेक्षित होते. पंचकर्म विभागात स्त्री व पुरुषांसाठी स्वतंत्र स्नेहन व स्वेदन कक्ष, शिरोधारा, वमन, विरेचन, बस्ती, तसेच रक्तमोक्षण व अग्निकर्माच्या जागा आणि गरम पाण्याची सोय असलेली स्नानगृहे यांची यादी होती. वनौषधी उद्यानात २५० प्रजाती असाव्यात, अशीही अट होती. परिषदेची जागा २०२१ मध्ये भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाने घेतली आणि आयोगाने २०२४ मध्ये नवे विनियम लागू केले. नवा प्रस्ताव तयार करणाऱ्यांनी २०२४चा मजकूरच प्रमाण मानावा.

२०१६च्या आकड्यांवरून एका खाटेमागे सुमारे ३३ चौरस मीटर क्षेत्र पडते. त्यात बाह्यरुग्ण विभाग, उपचार कक्ष, शस्त्रक्रियागृह, प्रसूतिगृह, प्रयोगशाळा, स्वयंपाकघर, भांडार आणि ये-जा करण्याचे मार्ग सर्व आले. आकडा किमान आहे. तो गाठला म्हणजे रुग्णालय सोयीचे झाले असे नव्हे. औषध कारखान्यासाठीही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'टी' अनुसूचीत किमान १,२०० चौरस फूट आच्छादित जागेची अट आहे.

याखेरीज राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ सर्वच रुग्णालयांना मार्गदर्शक आहे. रुग्णाची खाट नेता येईल असा २.४ मीटर रुंदीचा मार्ग आणि १२ फुटांत १ फूट इतकाच चढ असलेला उतरता रस्ता, ही त्यातील नेहमीची मापे. पंचकर्माकडे येणाऱ्यांत संधिवात, कंबरदुखी आणि पक्षाघाताचे रुग्ण मोठ्या संख्येने असतात. म्हणून हा विभाग शक्यतो तळमजल्यावर असावा.

उपचार कक्षाचे गणित

स्नेहन कक्षाचे माप द्रोणीवरून ठरते. द्रोणी साधारण सात फूट लांब व अडीच ते तीन फूट रुंद असते. दोन्ही बाजूंना परिचारक उभे राहून एकाच लयीत तेल लावत असल्याने प्रत्येक बाजूस तीन फूट मोकळी जागा हवी. डोक्याकडे शिरोधारेचे पात्र टांगण्याची जागा, तेल कोमट करण्याचा ओटा आणि कपडे बदलण्याचा कोपरा धरला, तर १० फूट बाय १२ फुटांपेक्षा लहान खोली अडचणीची ठरते.

खोल्यांच्या संख्येपेक्षा त्यांचा क्रम अधिक महत्त्वाचा असतो. रुग्णाचा प्रवास वैद्याच्या तपासणीपासून सुरू होऊन कपडे बदलणे, स्नेहन, स्वेदन, थोडी विश्रांती, स्नान आणि पुन्हा विश्रांती असा चालतो. ही सर्व ठिकाणे एका रांगेत असावीत. तेल माखलेल्या रुग्णाला सार्वजनिक मार्ग ओलांडावा लागू नये. बहुतेक ठिकाणी रांग अडते ती स्नानगृहाशी. चार द्रोण्यांमागे एकच स्नानगृह ठेवले, तर एका वेळी उपचार पूर्ण झालेले चार रुग्ण अंगावर तेल घेऊन ताटकळत बसतात आणि परिचारकांचे हातही रिकामे राहतात. दोन द्रोण्यांमागे एक स्नानगृह हे प्रमाण व्यवहारात सोयीचे पडते.

बस्तीच्या खोलीचे गणित निराळे आहे. निरूह बस्ती दिल्यानंतर वेग केव्हाही येऊ शकतो. शास्त्राने त्यासाठी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटांची कमाल मर्यादा मानली आहे. म्हणून शौचालय त्या खोलीलाच जोडलेले असावे. वृद्ध रुग्णासाठी त्यात बसके भांडे न ठेवता उंच आसनाचे भांडे आणि धरण्यासाठी कठडा हवा. विरेचनाच्या दिवशी प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र शौचालय मिळेल अशी आंतररुग्ण खोल्यांची मांडणी करावी. वमन कक्षात गुडघ्याइतक्या उंचीचे आसन, रुग्णाच्या मागे पाठ व कपाळ धरणाऱ्या परिचारकाला जागा, वमनद्रव्य मोजण्याची सोय आणि सकाळचा भरपूर उजेड लागतो. शेजारच्या रुग्णाला आवाज जाणार नाही, याची दक्षताही घ्यावी लागते. रक्तमोक्षणासाठी जळवांच्या टाक्या सावलीत ठेवाव्या लागतात. वापरलेल्या जळवा व रक्ताने माखलेली द्रव्ये २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार वेगळी ठेवण्याची जागा तेथेच असावी.

ऋतुमानाचा प्रभाव हा या आराखड्याचा दुर्लक्षित भाग होय. शास्त्रानुसार वसंतात वमन, वर्षा ऋतूत बस्ती, शरदात विरेचन व रक्तमोक्षण यांचा भर असतो. त्यामुळे एक कक्ष वर्षभर वमनासाठीच राखून ठेवला, तर तो कित्येक महिने रिकामा राहतो. पाणी, निचरा आणि शौचालय जोडून सर्व उपचार कक्ष समान मापाचे केले, तर ऋतूनुसार त्यांचा उपयोग बदलता येतो.

स्वयंपाकघर हा उपचाराचा भाग

शोधनानंतर रुग्णाला पेया, विलेपी, यूष अशा क्रमाने हलका आहार दिला जातो. शुद्धी किती झाली यावरून हा क्रम तीन, पाच किंवा सात दिवसांचा ठरतो. एकाच वेळी दाखल रुग्ण वेगवेगळ्या टप्प्यांवर असल्याने स्वयंपाकघरात एका मोठ्या पातेल्याचा स्वयंपाक होत नाही; अनेक लहान शेगड्या आणि नावाची चिठ्ठी लावलेली भांडी लागतात. बाहेरून डबे मागवणाऱ्या रुग्णालयात हा क्रम पाळणे जवळजवळ अशक्य होते. पथ्यगृह आंतररुग्ण विभागाच्या जवळ, पण वाऱ्याच्या दिशेने पलीकडे असावे, म्हणजे धूर व फोडणीचा वास खोल्यांत शिरत नाही. काढ्याची जागा त्याच्या शेजारी ठेवल्यास इंधन, पाणी आणि वाफ बाहेर टाकण्याची व्यवस्था सामाईक होते. मात्र भांडी व ओटे वेगळेच हवेत.

जालन्याच्या मातीत आणि हवेत

जिल्ह्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पायावरच्या भिंतींना तडे जातात, जमिनीखालचे नळ सांध्यांतून सुटतात. पंचकर्म विभागात पाण्याचे व निचऱ्याचे नळ सर्वाधिक असल्याने हा धोका तेथे वाढतो. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेणे, फरशीखाली काळी माती काढून मुरूम भरणे आणि निचऱ्याचे नळ तपासता येतील अशा चरांतून नेणे, ही काळजी आवश्यक आहे.

जालना सुमारे २० अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे उन्हाळ्यात सर्वाधिक ताप छताचा आणि त्याखालोखाल पश्चिमेच्या भिंतीचा. आंतररुग्ण खोल्या पश्चिमेला ठेवून तेथे वातानुकूलन बसवण्यापेक्षा जिना, भांडार आणि धुण्याची जागा पश्चिमेला घ्यावी. खोल्या उत्तर व पूर्वेकडे, ओसरी आणि चौक यांच्या आश्रयाने ठेवाव्यात. जुन्या धाब्याच्या घरांचे जाड मातीचे छत दुपारचा ताप आत येऊ देत नसे. आजच्या काँक्रीट छतावर उष्णतारोधक थर किंवा पांढरा लेप देऊन ते काम काही अंशी साधता येते.

वाऱ्याबाबतही चरकाचे सूत्र येथे उपयोगी पडते. पावसाळी वारा प्रामुख्याने नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात तो ईशान्य-पूर्वेकडून वाहतो. उपचार कक्षांच्या खिडक्या उंचावर व लहान ठेवाव्यात, म्हणजे उजेड व वायुवीजन मिळते, पण अंगावर झोत येत नाही. विश्रांतीच्या खोल्यांना समोरासमोर खिडक्या द्याव्यात. शहराचा परिसर पोलाद उद्योगाचा असल्याने जागा निवडताना धुराड्यांची दिशा, रहदारी व धूळ यांचा विचार करावा लागतो. ग्रंथातील धूर व धूळ वर्ज्य करण्याची अट येथे अगदी शब्दशः लागू होते.

पाण्याचा ताळेबंद

२०१२-१३च्या दुष्काळात जालना शहराला टँकरवर विसंबावे लागले होते. पंचकर्म रुग्णालयाचा प्रकल्प या अनुभवाकडे डोळेझाक करून आखता येणार नाही. भारतीय मानकांनुसार १०० पर्यंत खाटांच्या रुग्णालयास दर खाटेमागे रोज ३४० लिटर पाणी धरले जाते. या हिशेबाने ६० खाटांना रोज २०,४०० लिटर लागतात. तेल उतरवण्यासाठीची गरम पाण्याची स्नाने, तेलकट कापडांची धुलाई आणि वनौषधी उद्यान यांची भर त्यात पडते.

छतावरील पावसाच्या पाण्याचे गणित मांडून पाहिले, तर १,००० चौरस मीटर छतावर वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस पडल्यास आणि त्यातील ८० टक्के पाणी हाती लागल्यास ५ लाख ६० हजार लिटर मिळतात. म्हणजे ६० खाटांच्या रुग्णालयाची सुमारे २७ दिवसांची गरज. वर्षभराची तहान त्यातून भागत नाही. तथापि टंचाईच्या काळात उपचार बंद पडू न देण्याइतका आधार मिळू शकतो. अर्थात त्यासाठी जमिनीखाली मोठे टाके लागते आणि ते आराखड्यातच धरावे लागते; नंतर त्यासाठी जागा उरत नाही.

सांडपाण्याचे दोन प्रवाह वेगळे ठेवणे हितावह ठरते. हात धुण्याचे व साध्या स्नानाचे पाणी प्रक्रिया करून उद्यानाला देता येते. उपचार कक्षांतील तेलकट पाणी मात्र प्रथम तेल वेगळे करणाऱ्या कुंडीतून न्यावे लागते. तेल पाण्यावर तरंगते, थंड झाले की चिकटते आणि काही महिन्यांत नळ तुंबवते. ही कुंडी इमारतीबाहेर, झाकण सहज उघडता येईल अशा ठिकाणी असावी. उद्यानात अडुळसा, निर्गुंडी, कोरफड, शतावरी, गुळवेल, निंब, करंज, बेल, आवळा यांसारख्या कमी पाण्यावर तग धरणाऱ्या वनस्पतींना प्राधान्य द्यावे. दमट प्रदेशातील प्रजातींसाठी एकच सावलीचा वाफा राखला तरी पुरे.

आग : सर्वांत गंभीर बाब

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालकांचा, तर त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील जिल्हा रुग्णालयातील आगीत ११ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची चर्चा झाली. ती प्रामुख्याने अतिदक्षता विभागांभोवती फिरली. आयुर्वेद रुग्णालयाचा धोका वेगळ्या जागी असतो. येथे तेल, तूप, कापड, लाकडी द्रोणी आणि शेगडी ही सारी एकाच खोलीत असतात आणि रुग्ण अंगाला तेल लावून निजलेला असतो.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून तळघरात स्वेदन कक्ष किंवा काढ्याची जागा असूच नये. सिलिंडर उपचार कक्षात न ठेवता इमारतीबाहेर हवेशीर जागी ठेवावेत आणि वाफ एका ठिकाणी तयार करून नळाने कक्षांत आणावी. तेल कोमट करण्यासाठी उघड्या ज्योतीऐवजी गरम पाण्याचे पात्र पुरेसे असते. तेलाची कोठी वेगळ्या, अग्निरोधक भिंतीच्या खोलीत असावी. आणखी एक धोका सहसा ध्यानात येत नाही. तेलाने भिजलेली कापडे यंत्रात गरम वाळवून तशीच रचून ठेवली, तर तेलाच्या रासायनिक क्रियेने आतील उष्णता वाढत जाऊन ती आपोआप पेट घेऊ शकतात. अशी कापडे उन्हात दोरीवर वाळवावीत, गार झाल्यावरच घडी करावीत आणि त्यांची खोली रुग्णांच्या खोल्यांपासून दूर असावी.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा आयुर्वेद रुग्णालयांनाही लागू होतो. दोन स्वतंत्र बाहेर पडण्याचे मार्ग, बाहेर उघडणारी दारे, तेलाच्या आगीसाठी योग्य अग्निशामके आणि चालू न शकणाऱ्या रुग्णाला खाटेसह बाहेर नेता येईल इतकी रुंद दारे, ही किमान तजवीज मानावी. तेलाच्या आगीवर पाणी टाकल्यास भडका उडतो, हे प्रत्येक परिचारकाला ठाऊक असायला हवे.

फरशी, भिंत आणि लाज

तेल सांडलेल्या गुळगुळीत फरशीवर घसरून पडण्याचा धोका मोठा असतो, आणि रुग्ण अनेकदा वृद्ध असतो. उपचार कक्ष व स्नानगृहात खरखरीत पृष्ठभागाची फरशी, निचऱ्याच्या दिशेने हलका उतार, कोपऱ्यांना गोलाई आणि भिंतींना छताच्या उंचीपर्यंत धुता येणारा थर द्यावा. पॉलिश केलेला चकचकीत दगड स्वागतकक्षात शोभतो. द्रोणीशेजारी तो टाळावा.

एकांताचा प्रश्न सोयीपुरता मर्यादित नाही. ग्रामीण भागातील स्त्री रुग्ण केवळ आडोसा नसल्यामुळे उपचार अर्धवट सोडण्याची शक्यता असते. स्त्री विभागाला स्वतंत्र प्रवेश, स्त्री परिचारिकांसाठी तेथेच कपडे बदलण्याची खोली, दार उघडले तरी द्रोणी थेट दिसणार नाही असा आडपडदा आणि सोबत आलेल्या नातेवाइकांना बसण्यासाठी थोड्या अंतरावर ओसरी, इतके नियोजन केले तरी मोठा फरक पडतो. परगावहून येणाऱ्या रुग्णाबरोबर घरचे माणूस सात-आठ दिवस राहते. त्याच्या निवासाची आणि स्वयंपाकाची जागा नकाशात नसेल, तर ते जिन्याखाली किंवा मार्गिकेत मुक्काम करते आणि आगीच्या वेळी तोच मार्ग अडतो.

आराखडा तपासताना

रुग्णालयाच्या प्रस्तावाची छाननी करणाऱ्या विश्वस्त मंडळाने, ग्रामपंचायतीने किंवा अधिकाऱ्याने नकाशावर काही साधे प्रश्न विचारले, तरी पुष्कळ दोष आधीच उघड होतात. बस्तीच्या खोलीतून शौचालय किती पावलांवर आहे? तेल लावलेला रुग्ण स्नानगृहाकडे जाताना कोणाच्या नजरेस पडतो? गॅसचे सिलिंडर कोठे आहेत? तेलकट पाणी कोठे जाते? पेज कोण, कोठे शिजवणार? उन्हाळ्यात टँकर न आल्यास किती दिवसांचे पाणी टाक्यात असेल? वाफेच्या खोलीत भोवळ आली, तर रुग्णाला दार कसे सापडेल?

यांपैकी शेवटचा प्रश्न चरकसंहितेइतका जुना आहे. या प्रश्नांची उत्तरे नकाशावर बोट ठेवून देता आली पाहिजेत. ती तोंडी आश्वासनांत शोधावी लागत असतील, तर बांधकामाला हात घालण्यापूर्वी नकाशा पुन्हा वास्तुविशारदाच्या टेबलावर नेणेच श्रेयस्कर ठरते.